नऊ वर्षं पड असलेल्या खाचरांची माती: विश्रांती मिळाली की उपासमार झाली?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा, की नोकरी डोंबिवलीला, गावी राजापूर तालुक्यात दीडेक एकर भाताची खाचरं आणि वरच्या अंगाला थोडी वरकस म्हणजे उताराची हलकी जमीन, वडील गेल्यापासून नऊ वर्षं सगळं पड. काका म्हणतात जमिनीला विश्रांती मिळाली, आता सोनं पिकेल. खताच्या दुकानातला म्हणतो जमीन मेलीय, जीवाणू खतांचं अख्खं पॅकेज टाका नायतर काय उगवणार नाही. तुम्हाला हवंय ते एवढंच, की या नऊ वर्षांत मातीतल्या जीवांचं नेमकं काय झालं असेल आणि परत भात घ्यायचा तर सुरुवात कुठून करायची.

दोघांचंही मला पटत नाही. मी २१ वर्षं माती तपासणीचं काम करतेय आणि लांजा तालुक्यात सासरची भातशेती आणि काजू बघते, त्यामुळे पड जमिनी लॅबमधल्या पिशवीतून पण बघितल्यात आणि स्वतः कुदळ मारून पण. जमीन मरत नाही आणि नुसती पडून राहिली म्हणून सोनं पण होत नाही. ती कशी पडली होती, म्हणजे वर गवत-झुडूप होतं का, दर वर्षी वणवा लागत होता का, मेरा (खाचरांचे बांध) शाबूत होत्या का, यावर सगळं ठरतं. तुमच्या एकाच जमिनीत वेगवेगळ्या कुणग्यांची, म्हणजे खाचराच्या तुकड्यांची, वेगवेगळी अवस्था असेल हे आधीच मनात धरा.

आधी ते विश्रांतीचं. आपण माणसासारखं मातीला विश्रांती देतो म्हणतो पण मातीत जे राहतात त्यांना विश्रांती नको असते, त्यांना जेवण हवं असतं. चांगल्या मातीच्या एका ग्रॅममध्ये दहा कोटींपासून शंभर कोटींपर्यंत जीवाणू असतात, वर बुरशीचे धागे, सूत्रकृमी, कोळ्यांसारखे बारीक किडे, गांडुळं. या सगळ्यांचं जेवण वरून येतं, जिवंत मुळं जो गोडसर रस मातीत सोडतात तो, पडलेला पाला, मेलेली मुळं, गुरांचं शेण. वरचं झाड थांबलं की खालची पंगत उठते. म्हणून पड म्हणजे वर काहीतरी हिरवं जगतंय अशी पड असेल तर माती जेवत असते, आणि उघडी बोडकी पड असेल तर ती उपाशी असते, नाव दोघांचं पडच.

याचा सगळ्यात जुना पुरावा इंग्लंडमधल्या रॉथमस्टेड या जुन्या शेती संशोधन केंद्राच्या प्रयोगशेतांवर आहे आणि मला तो फार आवडतो कारण त्यात दोन्ही टोकं एकाच ठिकाणी बघायला मिळतात. १८८२ मध्ये तिथल्या ब्रॉडबाल्क शेतातली उभ्या गव्हाची एक पट्टी न कापता तशीच सोडून दिली, चारेक वर्षांत गव्हाची अगदी मोजकी रोपं उरली, बाकी सगळं तणाने घेतलं, आणि पुढे तिथे जंगल झालं, मातीतला कर्ब (सेंद्रिय कार्बन) शंभर वर्षांहून जास्त काळ वाढत गेला. तिथेच दुसरीकडे हायफील्ड नावाच्या शेतावर १९५९ पासून एक तुकडा मुद्दाम बोडका ठेवलाय, एकही झाड उगवू द्यायचं नाही, सारखं नांगरून साफ. तो आधी गवताळ कुरण होता, त्याचा कर्ब निम्म्याहून खाली आला. आणि आता खरी गंमत पुढे आहे, पन्नास वर्षं उपाशी ठेवलेल्या त्या मातीत जीवाणूंची संख्या पडली पण त्यांचे प्रकार फारसे कमी झाले नव्हते. म्हणजे बहुतेक कुळं शिल्लक होती, माणसं कमी झाली होती. ही गोष्ट पक्की लक्षात ठेवा, दुकानातल्या पॅकेजचा विषय येईल तेव्हा लागणार आहे.

आता आपल्याकडे या. कोकणातल्या जुन्या लोकांना पड ठेवणं म्हणजे काय ते चांगलं माहीत होतं. आमचे मामंजी सांगायचे, वरकसात पहिल्या वर्षी नाचणी, दुसऱ्या वर्षी वरी, तिसऱ्या वर्षी हरीक नायतर तीळ, आणि मग पाच-सात वर्षं त्या जागेकडे फिरकायचं नाही, फक्त गुरं चरायची आणि ऐन-किंजळाचं कवळ म्हणजे पाल्यासकट फांद्या तोडायच्या. उताराची जमीन, जांभ्याची माती, तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस, तिसऱ्या वर्षापर्यंत वरचा कस धुऊन गेलेला असायचा आणि मग गवत, करवंदं, झुडपं येऊन तो कस खालून वर आणायची, खोल मुळांनी ओढलेलं पालाश (पोटॅश) पाल्याच्या रूपाने वरच्या थरात पडायचं, गुरं शेण टाकून जायची. ती पड कामाची पड होती. पुढे जमिनीच्या वाटण्या झाल्या, तुकडे लहान झाले, पडीची वर्षं कमी झाली आणि पहिला फटका तिथे बसला. नंतर माणसंच मुंबईला गेली आणि पड कायमची झाली, पण तोवर गुरंही गेली. शेणाशिवायची पड आणि गुरं चरणारी पड यात मला मातीत हाताला फरक लागतो.

वरकसाचं एवढं पुरे, कारण तुमचा मुख्य प्रश्न खाचरांचा आहे आणि खाचरांची गोष्ट वेगळीच आहे.

भाताच्या खाचरात पाणी उभं राहिलं की हवा मातीत शिरायची बंद होते. मग हवेवाचून जगणारे जीवाणू कामाला लागतात, ते ऑक्सिजनऐवजी आधी नायट्रेट, मग मँगनीज, मग लोखंड वापरून श्वास घेतात. आपल्या तांबड्या मातीत लोखंड भरपूर, आणि या लोखंडाला-अॅल्युमिनियमला स्फुरद (फॉस्फरस) घट्ट चिकटून बसलेलं असतं, पिकाला मिळत नाही. जीवाणूंनी लोखंडाचं रूप पालटलं की ते स्फुरद सुटतं, आणि त्याच वेळी आंबट मातीचा सामू, म्हणजे पीएच, आपोआप साडेसहा-सातकडे सरकतो. पोन्नमपेरुमा नावाच्या श्रीलंकेच्या शास्त्रज्ञाने फिलिपीन्समधल्या भात संशोधन संस्थेत हे सगळं नीट उलगडून दाखवलं. म्हणजे आपल्या आजोबांनी मेरा बांधून पाणी अडवलं तेव्हा ते नकळत दर पावसाळ्यात चार महिने मातीचा आंबटपणा कमी करत होते. शिवाय त्या पाण्यावर जी निळी-हिरवी शेवाळं येतात ती हवेतलं नत्र (नायट्रोजन) धरतात, हे भाताच्या शेतात पी. के. डे यांनी १९३९ मध्ये दाखवलं. शेकडो वर्षं बिनखताचं भात थोडंफार का होईना पिकत राहिलं त्याचं एक कारण हे पण आहे.

मग नऊ वर्षं पड म्हणजे काय झालं? मेरेला खेकड्यांनी भोकं पाडली, कोणी लिंपली नाहीत, एका मोठ्या पावसात मेर फुटली, पाणी उभं राहायचं थांबलं. मग ते सगळं चक्र बंद. माती परत आंबट, स्फुरद परत कुलुपात, पाण्याखाली सावकाश कुजणारा जुना सेंद्रिय माल हवा मिळाल्यावर भराभर जळून गेला असणार. आणि मेर फुटलेल्या कुणग्यातून वरची माती व्हाळात म्हणजे ओढ्यात गेली. जिथे मेर टिकली तिथे पाणी साचतंय, लव्हाळा-गवत दाट आलंय, तिथली गोष्ट वेगळी. म्हणून म्हटलं, एकाच सातबाऱ्यावर चार प्रकारची माती मिळेल तुम्हाला.

हे मी डोळ्यांनी कसं बघितलं ते सांगते. आमच्या बाजूला चुलत दिरांचा कुणगा ११ वर्षं पड होता, मेर धड होती, वर गवत आणि थोडा टाकळा. मी तिथे हातभर खोल खड्डा काढला. वरच्या तीनेक इंचात मुळांचा असा गालिचा होता की कुदळ काथ्याच्या पायपोसात मारल्यासारखी अडकत होती, ती माती काळपट, हातात घेतली की साबुदाण्याएवढे गोळे सुटे होत होते, गांडुळांनी वर टाकलेल्या मातीच्या गुठळ्या, आणि तो पहिल्या पावसाचा वास. तो वास एका प्रकारच्या जीवाणूंचा असतो, स्ट्रेप्टोमायसिस म्हणतात त्यांना, त्यामुळे वास आला की समजायचं खाली मंडळी जागी आहेत. त्याच्याखाली राखाडी माती सुरू झाली, आणि तिच्यात गंजासारख्या तांबूस बारीक नळ्या, या भाताच्या जुन्या मुळांच्या वाटा. ११ वर्षांपूर्वीचं भात मातीत अजून लिहिलेलं होतं. आणि सात इंचांवर पहार टण्ण वाजली. चिखलणी करून करून पिढ्यानपिढ्या तयार झालेला तो कडक थर तसाच होता, गवताची मुळं तिथपर्यंत सरळ आली होती आणि त्या थरावर पोचल्यावर सगळी एका बाजूला आडवी वळली होती. ११ वर्षांत वरचे तीन इंच सुधारले, सातव्या इंचाला काही फरक नाही. भात परत घ्यायचं असेल तर तो थर तुमचा मित्र आहे, पाणी धरून ठेवतो, तो मुद्दाम फोडू नका. काजू-आंबा लावायचा असेल तर मात्र प्रत्येक खड्ड्यात तो पहारीने फोडावाच लागेल.

त्याच दिवशी खालच्या अंगाचा फुटक्या मेरेचा कुणगा पण बघितला. तिथे वरचा काळपट थर नव्हताच, पिवळट-तांबडी खडेवाली माती उघडी, मधे पाण्याने कापलेली घळ. एवढ्या पावसात उघड्या उतारावरची माती टिकत नाही.

वणव्याचं सविस्तर लिहिते कारण आपल्याकडे पड जमीन खराब व्हायचं माझ्या मते सगळ्यात मोठं कारण तेच. फेब्रुवारी-मार्चमध्ये सड्यावरचं गवत पेटतं, कोणी मुद्दाम लावतं कोणाच्या बिडीने लागतं, आणि लोक म्हणतात राख पडली म्हणजे खतच झालं. राखेने पालाश आणि चुन्यासारखे क्षार मिळतात, सामू जरा वर येतो, हे खरं. पण पाल्यातलं नत्र धूर होऊन गेलेलं असतं, वरच्या एक-दोन सेंटिमीटरमधले जीव भाजून निघतात, आणि ती राख पहिल्या दोन पावसांत वाहून जाते कारण धरून ठेवायला वर काही उरलेलं नसतं. तरव्यासाठी म्हणजे भाताच्या रोपवाटिकेसाठी भाजावळ करतात तिच्याशी याची तुलना करू नका, भाजावळ गुंठा-दोन गुंठ्यांवर असते, शेण-कवळ-माती घालून सावकाश भाजलेली, तणाचं बी मरतं आणि रोपाला थोडं नत्र लगेच मिळतं, त्या छोट्या तुकड्यापुरतं ते चालतं जरी कवळासाठी आजूबाजूची झाडं ओकीबोकी होतात हे मला पटत नाही. दरवर्षी जळणारी पड म्हणजे दरवर्षी जेवणाचं ताट काढून घेतलेली माती.

घरी करून बघायचं असेल तर सोपं आहे. एक सुकं ढेकूळ न जळलेल्या गवताखालचं घ्या आणि एक दरवर्षी जळणाऱ्या जागेवरचं, दोन काचेच्या पेल्यांत पाणी भरून अलगद सोडा. मी केलं तेव्हा गवताखालचं ढेकूळ चहा करून पिऊन होईपर्यंत जवळजवळ तसंच होतं, पाणी नितळ. जळक्या जागेवरचं दोन-तीन मिनिटांत विरघळून पेल्याच्या तळाला गाळ. ढेकूळ धरून ठेवतात ते बुरशीचे धागे आणि जीवाणूंचा चिकट स्राव, ते नसतील तर पावसाचा थेंब पण तेच करतो जे पेल्यातल्या पाण्याने केलं.

आता माझी चूक सांगते म्हणजे तुमची वाचेल. आम्ही २०१० च्या सुमाराला घरचे दोन पड कुणगे परत कसायला घेतले. रानमोडी हे झुडपासारखं तण डोक्याएवढं झालेलं. मी शिकलेली असून घाईत ती तोडून जागेवरच पेटवली, मग मे महिन्यात पॉवर टिलरने तीनदा उभं-आडवं फिरवून जमीन अगदी रवाळ केली. पहिल्या वर्षी भात जोरदार आलं, गावात कौतुक झालं, पडीला सोनं आलं म्हणाले. ते सोनं नव्हतं, ती साठवण एकदम मोडली होती. सुकलेल्या मातीवर पहिला पाऊस पडला की जीवाणू एकदम उसळतात, मेलेल्या जीवांचं आणि उघड्या पडलेल्या सेंद्रिय मालाचं नत्र झपाट्याने सुटतं, बर्च नावाच्या माणसाने १९५० च्या दशकात आफ्रिकेत यावर काम केलं म्हणून त्याला बर्च परिणाम म्हणतात. नांगरून मोकळी केलेली माती असली की ही उसळी आणखी मोठी. त्यातलं थोडं पिकाला मिळतं आणि बाकीचं जूनच्या मुसळधार पावसाबरोबर खाली. दुसऱ्या वर्षी भात पिवळं, फुटवे कमी, आणि व्हाळाच्या तोंडाशी आमची तांबडी माती साचलेली दिसत होती. ती परत आणता येत नाही. तिसऱ्या वर्षापासून हिरवळीचं खत, पेंढा, शेण घालून सावरायला चार-पाच वर्षं गेली.

पॅकेजबद्दल. अॅझोटोबॅक्टर (हवेतलं नत्र धरणारा जीवाणू), पीएसबी (स्फुरद विरघळवणारे जीवाणू), ट्रायकोडर्मा (एक उपयोगी बुरशी), मायकोरायझा सगळं एकदम घ्या असं सांगतात. जीवाणू खत खोटं असतं असं मी म्हणत नाही, कडधान्याच्या बियाण्याला दर दहा किलोला २५० ग्रॅम रायझोबियम, म्हणजे मुळांवर गाठी करून नत्र धरणारे जीवाणू, चोळणं मी स्वतः करते, विशेषतः त्या जमिनीत ते कडधान्य बरेच वर्षांत घेतलेलं नसेल तर. पण अॅझोटोबॅक्टरला आंबट माती मानवत नाही, सामू सहाच्या खाली गेला की त्याचं फारसं चालत नाही, आणि आपल्या जांभ्याच्या माती बऱ्याचदा पाच-साडेपाचला असतात. याउलट आंबटपणा सोसणारा, नत्र धरणारा एक जीवाणू आहे, बायजेरिंकिया, तो तर मुळात बंगालमधल्या भाताच्या मातीतूनच पहिल्यांदा वेगळा केला गेला, पुन्हा तेच डे साहेब आणि स्टार्की, १९३९. असे जे इथल्या मातीला सरावलेले आहेत ते तुमच्या मेरेच्या कडेला, बांधावरच्या झाडाखाली आधीच बसलेत. रॉथमस्टेडच्या त्या बोडक्या तुकड्याची गोष्ट आठवा, कुळं शिल्लक असतात. बाहेरून पाव्हणे आणून उपाशी घरात बसवले तर ते पण उपाशीच मरणार. आधी जेवण घाला. ज्या पैशात पॅकेज येतं त्या पैशात शेण, चुना आणि कडधान्याचं बी येईल.

मायकोरायझाचा विषय मात्र जरा वेगळा. ही बुरशी झाडाच्या मुळात राहते आणि धागे लांब पसरून स्फुरद आणून देते, बदल्यात झाडाकडून साखर घेते. जिवंत मुळाशिवाय तिला जगता येत नाही. ऑस्ट्रेलियात क्वीन्सलँडच्या काळ्या जमिनीत वर्ष-दीड वर्ष बोडकी पड ठेवली की पुढचं पीक स्फुरद आणि जस्ताच्या कमतरतेने खुरटायचं, आणि १९८० च्या दशकात कळलं की कारण हीच बुरशी कमी होणं. तुमच्या जमिनीत नऊ वर्षं गवत असेल तर ती गवताच्या मुळांवर मजेत असणार, उलट पाण्याखालच्या भातशेतीत असते त्यापेक्षा जास्तच. म्हणजे काजू किंवा आंबा लावायचा तर गवताळ पड ही चांगली सुरुवात आहे, फक्त लावायच्या आधी सगळं खरवडून, फवारून वर्षभर उघडं ठेवू नका. आणि जेसीबीने सपाटीकरण करताना वरचा काळा थर कडेला ढकलून देतात ते कृपा करून करू देऊ नका, उभं राहून तो थर वेगळा काढायला लावा आणि परत वर पसरायला लावा. मी असे काजूचे मळे बघितलेत जिथे झाडं सात वर्षांची आहेत आणि उंची कमरेएवढी.

टाकळ्याबद्दल पण बोलते. शेंगा येतात म्हणून लोकांना वाटतं तो नत्र धरतो. त्याच्या मुळांवर गाठी येत नाहीत, उपटून बघा. पाला कुजून खत होतं ते ठीक, कोवळा असताना भाजी पण छान होते. लाजाळूला मात्र गाठी येतात, बांधावरच्या गिरिपुष्पाला पण येतात. रानमोडीचा पाला भरपूर असतो, फुलावर यायच्या आधी म्हणजे नोव्हेंबरच्या आत कापून जागेवर अंथरला तर चांगलं आच्छादन होतं, फुलल्यावर कापलात तर बी सगळ्या शेतभर.

मग करायचं काय. येत्या पावसाळ्यात सगळं दीड एकर घ्यायच्या मागे लागू नका. आधी मेरा. मे महिन्यात गावी येऊन फिरा, कुठली मेर धड, कुठली फुटकी, पाणी कुठून शिरतं कुठून जातं ते बघा, जिथे मेर धड आहे आणि वरची माती काळपट आहे असे दोन-तीन कुणगे पहिल्या वर्षी घ्या. प्रत्येक प्रकारच्या कुणग्यात एकेक खड्डा खणून बघा, मी वर सांगितलं तसं. माती नमुना घेताना व्हीच्या आकाराचा खड्डा, वीतभर खोलपर्यंतच्या बाजूची माती, एका प्रकारच्या कुणग्यातून आठ-दहा जागांची एकत्र करून चार भाग करत करत अर्धा किलो उरवायची, फुटक्या आणि धड कुणग्यांची एकत्र करायची नाही. सरकारी मृदा आरोग्य पत्रिकेत १२ गोष्टी तपासून मिळतात, सामू, क्षारता, सेंद्रिय कर्ब, नत्र-स्फुरद-पालाश, गंधक आणि पाच सूक्ष्म अन्नद्रव्यं, २०१५ पासून ही योजना आहे आणि उपयोगाची आहे, पण त्या बाराच्या बारात जीवाणूंबद्दल एक शब्द नाही हे ध्यानात असू दे. लॅबला सांगा की माती आंबट आहे तर स्फुरद ब्रे पद्धतीने (आंबट मातीसाठीची तपासणी) काढा. चुना किती घालायचा ते सामू आणि लॅबने काढलेल्या चुन्याच्या गरजेवर ठरवा, शेजाऱ्याने किती टाकला त्यावर नाही. भात पाण्यातच घेणार असाल तर चुन्याची घाई नाही, पाणी उभं राहिल्यावर सामू तसाही वर येतो. कडधान्याला आणि काजूला मात्र चुना जाणवतो.

गवत-रानमोडी ग्रास कटरने कापा, जाळू नका, काट्याकुट्याचं तेवढं बाजूला काढा, बाकी जागेवर राहू दे. मेरा लिंपून घ्या. पहिल्या पावसानंतर ताग किंवा धैंचा पेरायला वेळ असेल तर पेरा, ४५ ते ५० दिवसांत फुलावर येतो तेव्हा गाडायचा असतो, पण आपल्याकडे लावणीची वेळ त्याच्याआधी येते म्हणून मला गिरिपुष्पाचा पाला चिखलणीच्या वेळी गाडणं जास्त सोयीचं वाटतं. नसेल तर यंदा बांधावर गिरिपुष्पाच्या फांद्या लावून टाका. नांगरट एकदाच, पाऊस लागल्यावर, आणि मग लगेच चिखलणी-लावणी, मोकळी माती पावसात उघडी राहता कामा नये. नांगरायचंच नसेल तर नेरळच्या सगुणा बागेत चंद्रशेखर भडसावळे यांनी बसवलेली गादीवाफ्यावरची बिननांगरटीची पद्धत आहे, जुनी मुळं मातीतच ठेवतात, तिथल्या मातीत गांडुळं परत आलेली लोक सांगतात. त्यात तणनाशकावर बराच भर आहे तो मला स्वतःला नको वाटतो, पण माणूसबळ नसलेल्याला ती पद्धत परवडते हे पण मान्य.

आणि भात कापल्यावर खरा महत्त्वाचा भाग. आपण ऑक्टोबरमध्ये भात कापतो आणि जूनपर्यंत जमीन पड, म्हणजे कसणारा माणूस पण वर्षातले सात-आठ महिने माती उपाशीच ठेवतो. नोव्हेंबरात ओल आहे तोवर कुळीथ, वाल, पावटा किंवा चवळी टाका, कोकण कृषी विद्यापीठाची कोकण सदाबहार चवळी चांगली येते. मिळेल तेवढ्या शेंगा घ्या, मुळं उपटू नका, जमिनीलगत कापा. मोकाट गुरं आणि रानडुकरं यांचा त्रास आहे हे मला माहीत आहे, म्हणूनच म्हटलं दोन-तीनच कुणगे घ्या जे राखता येतील. त्यानंतर पेंढ्याचा थोडा भाग तरी शेतात पसरा, मार्च-एप्रिलच्या उन्हात मातीच्या अंगावर काहीतरी असू दे.

बाकीच्या कुणग्यांचं काय? त्यांना पडच ठेवा पण राखून. फुटक्या मेरा आधी बांधा नायतर निदान घळीच्या तोंडाला दगड लावा, भोवताली जानेवारीत सहा-सात फूट रुंद पट्टा साफ करून जाळरेषा काढा, आणि कोणाची गुरं येत असतील तर येऊ द्या. अशी राखलेली पड माती हळूहळू सुधारते. फक्त शंभर वर्षं तशीच ठेवली तरी सगळंच सुधारतं असं नाही, रॉथमस्टेडलाच १८८६ मध्ये सोडलेल्या गीस्क्रॉफ्ट नावाच्या दुसऱ्या तुकड्यात जंगल झालं, कर्ब वाढला, पण मातीचा सामू सातच्या आसपासवरून साडेचारच्या आत आला कारण त्या मातीत चुना नव्हता. आपली माती आधीच आंबट, म्हणून पडीतून परत शेतीत आणताना सामू बघणं टाळू नका.

जमिनीचा एखादा तुकडा खाडीलगत असेल तर वरचं बरंचसं त्याला लागू नाही. बाहेरचा बांध फुटून खारं पाणी येत असेल तर आधी बांध, मग एक-दोन पावसाळे गोड्या पाण्याने क्षार धुणं, आणि कांदळवन आलं असेल तर त्याला हात लावू नका, कायद्याने संरक्षित आहे. उन्हाळ्यात खाऱ्या जमिनीवर पेंढा पसरून ठेवला तर खालचा क्षार वर चढणं कमी होतं एवढंच इथे सांगते.

शेवटची एक गोष्ट, लॅब न लागता करता येण्यासारखी. जुन्या सुती धोतराच्या नायतर साडीच्या वीतभर सारख्या सहा पट्ट्या फाडा, पॉलिस्टर मिसळलेलं नको. पाऊस लागल्यावर दोन धड कुणग्यात, दोन फुटक्यात आणि दोन बांधावरच्या एखाद्या जुन्या झाडाखाली चार इंच खोल उभ्या पुरा, जिथे पाणी साचत नाही अशा जागी, काठी रोवून खूण करा. गणपतीला गावी जाल तेव्हा उपसून धुऊन शेजारी शेजारी वाळत घाला. झाडाखालच्या पट्टीची जाळी झालेली असेल, हातात येता येता तुटेल. बाकीच्या चार तिच्याशी ताडून बघा आणि जी सगळ्यात धड राहिली असेल तिथे पहिली शेणाची पाटी टाका.